मागचे दिवे

तेहरानच्या विद्यापीठात सहा वर्षं
मी राजांच्या सनावळ्या पाठ केल्या.
कोण कुणाला मारून गादीवर बसला,
कुणाचे डोळे कुणी काढले, कुठल्या साली.
नोकरी लागेना, तेव्हा बापानं विचारलं,
"पेझमान, पुढे काय?"
माझ्याजवळ साल होतं. उत्तर नव्हतं.

देहनारला आलो ते मामाच्या डाळिंबांची राखण करायला.
वाळवंटाच्या काठाला चिकटलेलं गाव,
भिंती मातीच्या, माणसांचा रंगही तोच,
आणि गावाखालून, चाळीस हात खोल,
कुदळीनं कोरलेल्या कारीजमधून येणारं पाणी.
त्या साली ते करंगळीएवढं उरलं होतं.
आत कुठेतरी छत बसलं होतं.

खोदादाद सत्तरी ओलांडलेला,
भुयारात उतरणारा गावातला शेवटचा माणूस.
मुलगा इस्फहानला टॅक्सी चालवतो.
"माती ओढायला कुणीतरी हवं," म्हणाला,
आणि माझे हात उलटेपालटे करून पाहिले,
बाजारात खरबूज पाहावं तसे.
"मऊ आहेत. होतील."

घालायला पांढरे कपडे दिले.
"चिखलात पांढरे कशाला?"
"अंधारात दिसतात."
मग दोर कमरेला आवळता आवळता,
"आणि वर आलोच नाही
तर वेगळं कापड आणायला नको."
वर चाकावर मामा होता. तो हसला नाही.

खाली पोटऱ्यांपर्यंत गार पाणी,
आणि पाठीचा कणा मोडून चालायचं.
ढासळलेल्या जागेला वळसा घालून
नवी वाट कोरायची होती.
मी म्हटलं, "दिशा कशी कळणार?
इथे ना सूर्य, ना फोनला रेंज."
त्यानं एरंडेलाचे दोन दिवे लावले,
आणि मागे ठेवले, एकामागे एक, दहा पावलांवर.
"खणता खणता मागे वळून बघायचं.
दोन दिसले तर भरकटलास.
एकामागे दुसरा लपला
तर सरळ चाललायस."

चौथ्या दिवशी मला दोन दिसले.
तो रागावला नाही. मला हाताला धरून
मागे घेऊन गेला, एका आडव्या बिळापाशी.
बारा-तेरा हात लांब, पुढे नुसती भिंत.
"इथे माझा आजा चुकला होता."
"मग बुजवलं का नाही?"
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जणू सहा वर्षांची फी पाण्यात गेली होती.
"बुजवलं असतं
तर पुढच्याला कळलं कसं असतं?"

त्या बिळाच्या तोंडाशी एक कोनाडा होता,
तळहाताएवढा, काजळीनं काळा.
कडेला ओल्या मातीत कधीकाळी रुतलेली बोटं,
आता दगडासारखी.
मी मोजली. चार.
पाचवं आधीच कुठेतरी गेलेलं असणार.
"हा कोण? कुठल्या साली?"
"मला काय ठाऊक," खोदादाद म्हणाला,
"पाणी येतंय ना त्याचं."

मी माझा दिवा तिथे ठेवला.
बरोबर बसला.

सव्विसाव्या दिवशी कुदळ आरपार गेली
आणि पाणी आलं. गाजावाजा करत नाही,
झोपेतून उठलेल्या म्हाताऱ्यासारखं,
खाकरत, माती थुंकत, पायांना चाचपत.
वर डाळिंबांना ते पोचायला संध्याकाळ झाली.
तिथे कुणीतरी ओंजळ भरली असेल.
आम्ही खाली होतो, आम्हाला दिसलं नाही.

खोदादाद आता उतरत नाही, गुडघे गेले.
वर चाकापाशी बसून सुपारीएवढे खडे मोजतो,
दर टोपलीला एक,
आणि मी किती हळू आहे ते मामाला सांगतो.

परवा बापाचा फोन आला.
मी विहिरीच्या काठावर पाय सोडून बसलो होतो,
पांढऱ्या कपड्यांत, कोपरापर्यंत माती.
तोच प्रश्न, आवाज थोडा थकलेला,
"पेझमान, पुढे काय?"

"पुढे अजून बाराशे हात आहेत, बाबा.
ठेवतो. खाली रेंज नसते."